मरीन टँकसाठी लाईव्ह रॉकला पर्याय (माझा अनुभव)

मरीन टँक (खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय) लावायचं म्हटलं की दुकानवाले लगेच लाईव्ह रॉक, म्हणजे पाणी स्वच्छ ठेवणारे बॅक्टेरिया वसलेला जुन्या प्रवाळाचा सच्छिद्र दगड दाखवतात, पण आपल्याकडे २००१ पासून दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये (सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत) आहे, त्यामुळे "समुद्रातून काढलेला आहे साहेब, एक नंबर" असं कोणी म्हणालं की मी सरळ बाहेर पडतो. सह्याद्रीतला काळा दगड फुकट मिळतो खरा, पण तो इतका घट्ट असतो की बॅक्टेरिया फक्त वरवरच बसणार, आणि जांभ्यात लोखंड असतं म्हणून तोही नको.

शेवटी घरीच बनवला. एक भाग पांढरं सिमेंट, तीन भाग तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा जाडसर चुरा आणि मूठ-मूठ खडेमीठ, पाणी अगदी बेताचं, मिश्रण लाडू वळता येईल इतपत कोरडंच हवं. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात थापलं, मीठ नंतर पाण्यात विरघळतं आणि दगडाला आरपार भोकं पडतात, हेच तर पाहिजे असतं.

खरी कटकट पुढे आहे. नवीन सिमेंट पाण्याचा पीएच ११-१२ पर्यंत नेतं, मासा टाकला तर मेलाच. बादलीत बुडवून पाणी बदलत राहायचं, काही आठवडे जातात, आणि न बदललेल्या पाण्यातही पीएच ८.४ च्या वर जाईना तेव्हाच दगड टँकमध्ये. त्यानंतर बाटलीतले बॅक्टेरिया घातले, त्यांना खाद्य म्हणून थोडा अमोनिया दिला, आणि अमोनिया व त्यापासून होणारं नायट्राइट, ही माशांना विषारी असलेली दोन्ही शून्य दिसल्यावर मग क्लाउनफिशची जोडी सोडली.