आधी खरवडा, मग डबा हलवा

मे महिन्यात गावात शिरलं की एक आवाज हमखास येतो. स्प्रेच्या डब्यातल्या गोळीची टकटक. हार्डवेअरच्या दुकानातून दोन लाल, एक काळा, एक चंदेरी असे डबे आणायचे, लिंबाखाली ट्रॅक्टर उभा करायचा आणि तासाभरात त्याचा नवरदेव करून टाकायचा. मृगाच्या दोन सरी झाल्या की तोच नवरदेव मडगार्डच्या कडेने फुगायला लागतो. पोळ्यापर्यंत फोड फुटतात, आणि नखाने सोलला तर रंगाचा पापुद्रा निघून खालून तांबडी भुकटी गळते.

औजारं दुरुस्त करण्यात माझी तीसेक वर्षं गेली. रंग वाईट निघाला म्हणून नुकसान झाल्याची उदाहरणं मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. गंजावर, चिखलावर, तेलावर आणि खताच्या पांढऱ्या थरावर रंग मारल्याने झालेलं नुकसान मात्र दरवर्षी बघतो. म्हणून डब्याबद्दल थोडं आणि खरवडण्याबद्दल जास्त लिहितोय.

आधी तारखेचं. रोहिणी निघाल्यावर, म्हणजे २५ मेनंतर बघू, असं म्हणणाऱ्यांनी २०२५ आठवावं. त्या वर्षी २६ मेलाच मान्सून मुंबईत होता, आणि राज्यात तर त्याआधीपासून अवकाळीने झोडपलं होतं. निम्मी खरवडलेली ट्रॉली तशीच भिजली आणि उघडं पडलेलं लोखंड रात्रीत तांबूस झालं, असं मी तीन ठिकाणी पाहिलं. मराठवाडा-विदर्भात १५ मेच्या आत हे काम उरका. कोकणात आणि गोव्यात खारी हवा आहे, तिथे एप्रिलच बरा. तिथे रंगाआधी गोड्या पाण्याने दोनदा धुवा, नाहीतर मीठ रंगाखालीच राहतं.

आता गंजाचं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. एक थर गंजला की तो कितीतरी पट फुगतो आणि वरचा रंग उचलतो. शिवाय गंज स्पंजसारखा असतो, ओल आणि क्षार धरून ठेवतो. डब्यातल्या रंगाचा एक हात केसाच्या जाडीइतकाही नसतो. तो या फुगवट्याला कसा अडवणार? वरून चकाकी आणि आत चुना, असं होऊन बसतं. उघडा गंज निदान दिसतो तरी. रंगाखालचा गंज पेरणीच्या दिवशीच दिसतो.

ट्रॅक्टरपेक्षा पेरणीयंत्राची काळजी मला जास्त वाटते, कारण खत. हवेतला ओलावा सत्तर टक्क्यांच्या वर गेला की युरिया पाणी ओढायला लागतो. पोटॅश म्हणून आपण जे टाकतो ते क्लोराइड, मिठाच्याच जातीचं. मागच्या हंगामात पेटीच्या सांध्यात चिमूटभर जरी राहिलं असेल, तरी ते पावसाळाभर पत्रा खातं. त्यावर रंग मारला म्हणजे जखम न धुता पट्टी बांधली.

लातूरकडच्या एका शेतकऱ्याचं सांगतो. पेरणीयंत्र जुनं, पण मे महिन्यात निळा डबा मारून चकचकीत केलेलं. मी सहज खताच्या पेटीच्या तळाला पान्याच्या मागच्या बाजूने टिचकी मारली. 'ठण' असा आवाज यायला हवा, तिथे 'भद' आला. बोलून दाखवलं. 'आत्ताच तर रंगवलंय भाऊ,' असं उत्तर मिळालं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत तो थांबला, ते अगदी शिफारशीप्रमाणे. वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मिळाली दोन दिवसांची. दुसऱ्याच तासाला, म्हणजे ओळीला, पेटीच्या तळाला गंजाचं भोक पडलं आणि खत एकाच दात्यात ढिगाने उतरलं. हे लक्षात आलं तेव्हा चार-पाच तास झाले होते. त्या ओळींतलं सोयाबीन खताने जळालं, उगवलंच नाही. यंत्र वेल्डिंगला नेलं तर तिथे रांग, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस. राहिलेलं रान पुन्हा वापसा येईपर्यंत तसंच पडलं. तळाला भोकं पूर्वीपासूनच होती. त्यांत लांबी (पुट्टी) भरून, वर रंग मारून ती झाकली होती. लांबी भिंतीसाठी असते, किंवा फार तर मडगार्डच्या पोच्यासाठी. जिथे वजन पडतं आणि खत लागतं तिथे पत्र्याचा तुकडाच वेल्ड करायचा.

तेव्हा रंगाचा डबा विकत घ्यायच्या आधी पेचकस घ्या आणि टोचत फिरा. खताच्या पेटीचा तळ, ट्रॉलीच्या फळक्याची खालची कड, मडगार्ड जिथे बोल्टने बसतं ती जागा, बॅटरीखालचा ट्रे, पायाखालचा पत्रा. पेचकस आत गेला तर तो रंगाचा विषय राहत नाही, वेल्डरकडे चला.

धुणं असं करा. वाळलेला चिखल खुरप्याने काढा. ग्रीस आणि काळी मळी डिझेल लावून ब्रशने सोडवा. इथे बहुतेक जण थांबतात आणि फसतात, कारण डिझेल स्वतःच तेलकट आहे. म्हणून त्यानंतर कपड्याच्या पावडरीने घासून भरपूर पाणी मारा. आता बघा, पत्र्यावर पाणी सलग पसरतंय की थेंब-थेंब होतंय? थेंब होत असतील तर तेल अजून आहे, पुन्हा पावडर. पाणी पसरलं की एक दिवस कडक उन्हात वाळवा, आणि सांधे जास्त वेळ. दुसऱ्या दिवशी थिनर लावलेलं पांढरं सुती फडकं फिरवा. फडकं काळं निघत असेपर्यंत फडकी बदलत राहा. बिडी-काडी लांब ठेवा.

औजारांना जळकं ऑइल फासायची आपली जुनी पद्धत चांगली आहे. फाळाला, दात्यांना, पलटी नांगराच्या पात्याला तेच लावा, रंग नको. मातीत घासणाऱ्या भागाचा रंग पहिल्या तासातच जातो. पण ज्या पत्र्याला वर्षानुवर्षं जळकं ऑइल लागलंय त्यावर रंग धरत नाही. तिथे धुण्याची फेरी तीनदा करावी लागते. कुठे गाडीच्या दुरुस्तीत सिलिकॉनचा पॉलिश-स्प्रे मारला असेल तर विचारूच नका, रंग गोल गोल सरकून चट्टे राहतात.

खरवडणं असं: सुटलेल्या खपल्या पटाशीने काढा, ग्राइंडरला वायरचा कप लावून उघडं लोखंड दिसेपर्यंत चालवा. डोळ्यावर गॉगल हवाच, त्या कपाच्या तारा सुटून उडतात. मग पॉलिश पेपर ८० नंबर, १८०, शेवटी ३२०. धरून बसलेल्या जुन्या रंगाची कड बोटाला लागेनाशी झाली पाहिजे. आणि एवढं करून लोखंड रात्रभर उघडं ठेवू नका. ज्या दिवशी खरवडलं त्याच दिवशी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात. एका दिवसात सगळा ट्रॅक्टर होणार नाही, मग एक मडगार्ड घ्या, पण पूर्ण करा.

खरवडताना उडणारी भुकटी हलकी घेऊ नका. जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिसं असायचं. २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आली ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना, ट्रॅक्टरचा रंग त्यात धरू नका. जनावरं जुना रंग चाटतात आणि शिशाची विषबाधा होऊन दगावतात, हे पशुवैद्यक चांगलं जाणतात. गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीजवळ हे काम नको. खाली ताडपत्री अंथरा, पाणी मारून ओलाच पेपर घासा, भुकटी गोळा करून बांधून ठेवा. पोरांना लांब ठेवा.

दुकानात काय होतं तेही ऐका. तुम्ही 'गंज आहे' म्हणालात की काउंटरवर गंज मारणारं द्रावण येतं. लावलं की काळं पडतं, खरवडायची गरज नाही, असं सांगतात. ही द्रावणं खोटी नाहीत. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर चालतात. सुटलेल्या खपलीवर लावलं तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि खालचं जिथल्या तिथे. माझ्या हिशोबाने ज्याने नीट खरवडलं त्याला ते कोपऱ्या-खाचांपुरतं लागतं, छोटी बाटली पुरे. दुसरा आग्रह बुडातली पिन दाबून हार्डनर मिसळायच्या डब्याचा. रंग कठीण बसतो, पेट्रोल-डिझेललाही दाद देत नाही, हे खरं. पण त्यात आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसाला धरतं, दमा लावतं. तोंडाला गमछा बांधून ते मारू नये. योग्य मास्क आणि मोकळी हवा नसेल तर तो डबा घेऊच नका.

आणि पूर्ण ट्रॅक्टर डब्यांनी रंगवायचा हट्ट कशाला? ४००-४५० मिलीच्या डब्यात बराच भाग वायू आणि थिनर. दोन-तीन हात द्यायचे तर डब्यामागे चौरस मीटर-सव्वा मीटर धरा. बोनेट, दोन्ही मडगार्ड, चाकं मिळून दहा-बारा डबे सहज उडतात. ट्रॉली तर नावच नको. ट्रॉलीला रेडऑक्साइड (तांबडा प्रायमर) आणि ऑइल पेंटचा टिनचा डबा, ब्रश, बस. स्प्रेचा डबा बोनेट, जाळी, रिम, लाइटच्या कड्या आणि ब्रश न पोचणाऱ्या खाचांसाठी.

एक गफलत फार महागात पडते. जुन्या ऑइल पेंटवर किंवा कालच लावलेल्या रेडऑक्साइडवर स्प्रे मारला की डब्यातला थिनर खालचा थर मऊ करतो आणि रंग वाळक्या आंब्याच्या सालीसारखा सुरकुततो. आधी न दिसणाऱ्या जागी हाताएवढा तुकडा मारून बघा, दिवसभर थांबा. ब्रशने रेडऑक्साइड लावलंच असेल तर आठवडा जाऊ द्या. नाहीतर प्रायमरसुद्धा त्याच कंपनीचा डब्यातलाच घ्या.

झाकायचं (टेप आणि रद्दी):
- रेडिएटरच्या जाळ्या, एअर क्लीनरचं तोंड, ब्रीदर
- ग्रीसचे निप्पल, हायड्रॉलिकचा चकचकीत दांडा, पीटीओचे (औजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचे) दाते
- बॅटरीचे टर्मिनल, वायरिंग, टायर, रबरी पाइप
- चेसिस नंबर, नंबर प्लेट, लाइट
- रिफ्लेक्टर आणि रेडियम पट्ट्या. उसाच्या दिवसांत मागच्याला रात्री ट्रॉली त्यांनीच दिसते

मारायचं:
- गोळी सुटल्यावर डबा दोन मिनिटं हलवा, मधेमधे पुन्हा
- अंतर २० ते ३० सेंटिमीटर
- हात पत्र्याच्या बाहेर सुरू, बाहेरच बंद. प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा
- तीन पातळ हात, मधे दहा मिनिटं. जाड एक हात म्हणजे ओघळ
- पुढचा हात किती वेळात द्यायचा ते डब्यावर असतं. वेळ टळली तर दुसऱ्या दिवशी ३२० ने हलकं घासून
- शेवटी डबा उलटा करून नुसता वायू येईपर्यंत दाबा, तोंड मोकळं होतं

वेळ सकाळची, सात ते दहा. डब्यावर तापमानाची मर्यादा छापलेली असते, पण ती हवेची. मेमध्ये उन्हातला पत्रा हवेपेक्षा कितीतरी तापलेला असतो. माझी खूण साधी आहे: तळहात पत्र्यावर टेकवा, दहा मोजेपर्यंत ठेवता आला तर मारा. तापल्या पत्र्यावर रंग वाटेतच वाळतो आणि पॉलिश पेपरसारखा खरखरीत बसतो. दुपारनंतर आभाळ आलं, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, तर डबा उघडूच नका, वळीव कुठेतरी जवळच आहे. सगळ्या बाजूंनी उघड्या शेडमध्ये खाली थोडं पाणी शिंपडलं की धूळ बसते. डबे उन्हात, बोनेटवर ठेवू नका. ५० अंशांच्या वर ते फुटू शकतात.

सायलेन्सरला साधा रंग जळून धूर होतो. त्याचा उष्णता सोसणारा डबा वेगळा मिळतो. तो मारल्यावर इंजिन आधी दहा मिनिटं, मग थंड, मग अर्धा तास, असं तापवून पक्का करायचा.

खताच्या आणि बियाण्याच्या पेटीला आतून रंग देऊ नका. तो सुटून नळ्यांत आणि खाचांच्या रोलरमध्ये अडकतो. आत धुऊन, वाळवून, हलकं डिझेलचं फडकं फिरवा आणि पेरणीच्या आदल्या दिवशी ते कोरडं पुसून काढा.

रंग तोच ठेवा. आरसीवर रंग लिहिलेला असतो, बदलायचा तर आधी आरटीओत विचारा. लष्करी ऑलिव्ह हिरवा तर खासगी गाडीला चालतच नाही, केंद्रीय मोटार वाहन नियमांत बंदी आहे. जुन्या जीपवाल्या पोरांनी हे जरूर वाचावं.

रंग हाताला चिकटत नाही म्हणून लगेच ट्रॅक्टर चिखलात घालू नका, पुरता कडक व्हायला आठवडा लागतो. रिकामे डबे पाचटाच्या जाळात टाकू नका, ते बॉम्बसारखे उडतात. आणि पेरणी सुरू झाली की रोज संध्याकाळी खताची पेटी रिकामी करा. उद्या परत तेच खत लागणार आहे म्हणून भरलेली पेटी रात्रभर उभी ठेवली, तर मे महिन्यात घासलेले सगळे पेपर वाया गेले.