घरी पोटाचं डायलिसिस: बॅग बदलताना आतल्या पडद्याला जपा

आईचं सीएपीडी चालू आहे, म्हणजे पोटाचं डायलिसिस, त्यामुळे ओळखीतले बरेच जण विचारतात घरी कसं जमतं म्हणून. जमतं हो! फक्त इथे मशीन नसतं, पोटाच्या आतून जो पातळ पडदा असतो ना, पेरिटोनियम, तोच रक्त गाळतो. बॅगेतलं साखरेचं पाणी नळीने पोटात भरून ठेवायचं, रक्तातली घाण त्यात उतरली की काढून नवीन भरायचं. वारंवार इन्फेक्शन झालं की तो खराब होतो आणि मग ही सोय बंद, म्हणून सगळी धडपड त्याच्यासाठी. नर्सकडून ट्रेनिंग घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आपलं उजळणीपुरतं.

आधी पंखा, एसी, खिडकी, दार सगळं बंद. टेबल पुसून घ्या. बॅग हीटिंग पॅडवर कोमट करा, गरम पाण्यात बुडवायची नाही आणि मायक्रोवेव्ह तर नकोच, एकाच जागी पाणी जास्त तापतं नि आत चटका बसतो. बॅगवरची तारीख आणि साखरेचा टक्का बघा, १.५, २.५ की ४.२५. साखर जास्त तितकं अंगातलं पाणी जास्त ओढलं जातं, पण पायाला सूज दिसली म्हणून स्वतःच्या मनाने ४.२५ लावू नका, जास्त साखर पडद्याला मानवत नाही.

मग अंगठ्या-बांगड्या काढून, पेशंट आणि बॅग बदलणारा दोघांनी मास्क लावून हात धुवायचे, बोटांच्या बेचक्या, नखं, अंगठा सगळं, आणि पूर्ण कोरडे करायचे, कारण ओल्या हाताने जंतू पटकन जातात. नळीच्या उघड्या टोकाला बोट लागता कामा नये. लागलंच तर तसंच जोडून पुढे जाऊ नका, क्लॅम्प (नळीवरचा चिमटा) बंद ठेवा आणि डायलिसिस सेंटरला फोन करा.

क्रम असा: जुनं पाणी खालच्या बॅगेत काढा, मग नवीन पाणी काही सेकंद थेट त्याच बॅगेत सोडून नळीतली हवा घालवा, मग पोटात भरा (मोठ्या माणसाला साधारण २ लिटर), शेवटी नवीन कॅप. पाणी हळू निघत असेल तर आधी पोट साफ झालंय का विचारा, बद्धकोष्ठतेने नळी दबते.

निघालेली बॅग छापील कागदावर ठेवून बघा, अक्षरं आरपार वाचता आली पाहिजेत. गढूळ दिसली तर ताप नसला, पोट दुखत नसलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि ती बॅग फेकू नका, सोबत न्या, जंतू कोणता आहे ते त्या पाण्यातूनच तपासतात.