हायब्रिड गाडी घेऊनही पेट्रोलचा खर्च घटत नाही? या चुका टाळा

हायब्रिड गाडी पेट्रोल वाचवते ते मुख्यतः दोन प्रसंगी. ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा ती बॅटरीत साठवते, आणि गाडी उभी असताना किंवा मुंगीच्या पावलांनी सरकत असताना इंजिन बंद ठेवते. जोडीला यातल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन अ‍ॅटकिन्सन सायकलवर चालतं. अशा इंजिनाची ताकद थोडी कमी असते, पण तेवढ्याच पेट्रोलमधून काम जास्त निघतं, आणि ताकदीची उणीव बॅटरीवर चालणारी विजेची मोटर भरून काढते. डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाची प्रियस जपानमध्ये विक्रीला आली तेव्हाही तत्त्व हेच होतं. त्यामुळे पैसे वाचतील की नाही, हे शेवटी तुमचा रोजचा रस्ता ठरवतो. बहुतेकांचा हिशोब चुकतो तो गाडी घेण्याआधीच.

मायलेजच्या आकड्यावर भुलणं

‘एका लिटरला इतके किलोमीटर’ हा आकडा फसवा आहे. एका गाडीचं मायलेज १० वरून १५ झालं, दुसरीचं २० वरून २५. दोन्हीकडे वाढ ५ चीच. पण १,००० किलोमीटरला पहिलीचे १०० लिटरऐवजी ६७ लिटर लागतात, म्हणजे ३३ लिटर वाचले. दुसरीचे ५० ऐवजी ४०, म्हणजे वाचले फक्त १०. आधीच चांगलं मायलेज देणारी छोटी गाडी सोडून हायब्रिड घेणाऱ्याला म्हणूनच फरक जाणवत नाही, आणि पेट्रोल पिणारी मोठी गाडी विकून घेणाऱ्याला तो पहिल्याच महिन्यात दिसतो.

हिशोब पैशांत करण्याआधी लिटरमध्ये करा. साध्या आणि हायब्रिड मॉडेलच्या रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतीतला फरक काढा. त्यात विम्याचा जादा हप्ता आणि कर्ज असेल तर फरकाच्या रकमेवरचं व्याज मिळवा. या दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. या बेरजेला एका लिटरच्या दरानं भागा. समजा उत्तर २,००० लिटर आलं. म्हणजे गाडीनं २,००० लिटर पेट्रोल वाचवलं की फरक फिटला, त्यापुढची बचत तुमची.

आता साधी गाडी शहरात १५ चं मायलेज देते आणि हायब्रिड २२ चं, असं धरा. १,००० किलोमीटरला सुमारे २१ लिटर वाचतात, म्हणजे फरक फिटायला जवळपास ९४,००० किलोमीटर चालवायला हवं. महिन्याला २,५०० किलोमीटर चालवणाऱ्याचा हिशोब तीन वर्षांच्या थोडं पुढे जुळतो. महिन्याला १,००० चालवणाऱ्याला पावणेआठ वर्षं लागतात. आणि त्याच गाड्या बहुतेक वेळ हायवेवर धावत असतील, तिथे मायलेज १८ विरुद्ध २१ असेल, तर हाच टप्पा २,५२,००० किलोमीटरवर जातो. इतकी वर्षं आपण गाडी ठेवणार आहोत का, हे आधी स्वतःला विचारा.

हायवेवर शहरातली बचत शोधणं

दीड टन वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबते तेव्हा तिच्या गतीत सुमारे २०८ किलोज्यूल ऊर्जा असते. ती बॅटरीत जाऊन पुन्हा चाकांपर्यंत पोचेपर्यंत बराच भाग गळतो. ६० टक्के परत मिळाली असं उदारपणे धरलं, तरी एका थांब्याला वाचतं ते साधारण १३ मिलिलिटर पेट्रोल. असे ७५-८० थांबे झाले की एक लिटर. सिग्नलमागून सिग्नल लागणाऱ्या रस्त्यावर हे थेंब साठत जातात. शिवाय उभ्या गाडीचं साधं इंजिन एसीसकट तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळू शकतं. ट्रॅफिकमध्ये तेही बरंचसं वाचतं.

मोकळ्या हायवेवर ब्रेकच लागत नाही, तर साठणार काय? तिथे खरा खर्च हवेच्या विरोधाचा असतो, आणि तो वेगाच्या वर्गानं वाढतो: ८० वरून १०० वर गेलात की विरोध दीडपटीहून जास्त. मोटर आणि बॅटरीचं वजन मात्र सोबत असतंच. उरतो तो चांगल्या इंजिनाचा फायदा. तोही खरा आहे, पण शहरातल्या बचतीइतका नाही.

‘हायब्रिड’ या नावाला भुलणं

माइल्ड हायब्रिडमध्ये १२ किंवा ४८ व्होल्टची छोटी प्रणाली असते. तिची मोटर बहुधा बेल्टनं इंजिनाला जोडलेली असते. ती इंजिनाला हात देते, पण एकटीनं गाडी ओढणं सहसा तिच्या आवाक्याबाहेरचं. बचत त्याच बेतानं थोडी होते. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा: इंजिन पूर्ण बंद असताना ही गाडी मोटरवर चालते का, आणि किती वेगापर्यंत? उत्तर नकारार्थी आलं तर स्ट्राँग हायब्रिडच्या, म्हणजे नुसत्या मोटरवरही चालणाऱ्या गाडीच्या, मायलेजची अपेक्षा ठेवू नका.

प्लग-इन हायब्रिडची, म्हणजे प्लग लावून चार्ज करायच्या गाडीची, चूक वेगळीच. ती रोज चार्ज केली तरच परवडते. चार्जिंग टाळलं की मोठ्या बॅटरीचं ओझं वाहणारी पेट्रोल गाडी उरते. युरोपियन कमिशननं २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांतून गोळा झालेली माहिती प्रसिद्ध केली. त्यात प्लग-इन गाड्यांचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन (म्हणजे पर्यायानं इंधनाचा वापर) चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघालं, तर साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत ही तफावत २० टक्क्यांच्या आसपास होती. घरी किंवा कामाच्या जागी प्लग नसेल, तर प्लग-इन घेऊच नका.

स्क्रीनवरचं मायलेज खरं मानणं

डॅशबोर्डचा आकडा बऱ्याचदा थोडा चढा असतो. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा आणि ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर तसंच भरा, आणि चाललेल्या किलोमीटरना या वेळी भरलेल्या लिटरनी भागा. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. चार टाक्यांची सरासरी घ्या.

चालवण्यातल्या खोडी

ईव्हीचं, म्हणजे गाडी फक्त मोटरवर चालवायचं, बटण दाबून ठेवणं ही सगळ्यात सर्रास आढळणारी चूक. बाहेरून चार्ज न होणाऱ्या हायब्रिडमध्ये बॅटरीतली सगळी वीज शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते. बॅटरी हट्टानं रिकामी केली की इंजिनाला ती पुन्हा भरावी लागते, आणि प्रत्येक फेऱ्यात काही ऊर्जा गळते. कुठे इंजिन आणि कुठे मोटर, ते गाडीच्या कॉम्प्युटरवर सोडा. इंजिन सुरू होऊ नये म्हणून जीव मुठीत धरून हळूहळू वेग घेण्यानंही हेच होतं. मध्यम जोरानं हव्या त्या वेगाला या, मग पाय सैल करा.

ब्रेक उशिरा आणि जोरात मारला की मोटर-जनरेटरला तेवढी ऊर्जा घेता येत नाही, उरलेलं काम ब्रेक पॅड करतात आणि ऊर्जा उष्णता होऊन जाते. सिग्नल दिसताच लांबून हलका ब्रेक लावा. सिग्नलला गाडी एनमध्ये (न्यूट्रलमध्ये) टाकण्याची जुनी सवय मोडा. टोयोटाच्या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये एनमध्ये बॅटरी चार्ज होत नाही. बी हा गिअर लांब उतारासाठी आहे. तो सपाट रस्त्यावर कायम लावून ठेवला तर इंजिन ब्रेकिंगमध्ये ऊर्जा फुकट जाते.

दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत हायब्रिडचा फायदा जवळपास पुसला जातो. थंड इंजिन आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत इंजिन चालूच राहतं, आणि ते तापतं तोवर गाडी लावायची वेळ येते. चार छोटी कामं एका फेरीत उरकली तर फरक पडतो.

मायलेज अचानक घसरलं तर

आधी स्वस्त कारणं तपासा. टायर थंड असताना हवा मोजा. चारही टायरांत १ पीएसआय हवा कमी असेल तर मायलेज सुमारे ०.२ टक्के घटतं, म्हणजे १० पीएसआयला २ टक्के. टायर नुकतेच बदलले असतील तर तेच कारण असण्याची शक्यता मोठी: हायब्रिडला कंपनीतून बहुधा कमी घर्षणाचे टायर येतात आणि बदलताना साधे घातले जातात.

मग ब्रेक. हायब्रिडचे पॅड कमी वापरले जातात, म्हणून ते जास्त टिकतात. पण त्याच कारणानं पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात आणि पॅड डिस्कला घासत राहतो. गाडी फिरवून आणल्यावर एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापत असेल तर कॅलिपर उघडून साफ करून घ्या. तापलेल्या डिस्कला हात लावू नका.

सर्व्हिसिंगनंतर मायलेज उतरलं असेल तर बिलावर ऑइलचा ग्रेड बघा. ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ असं पातळ ऑइल सांगितलेल्या इंजिनात जाड ऑइल पडलं की घर्षण वाढतं.

मागच्या सीटजवळून पंख्याचा आवाज सतत येतोय? बऱ्याच गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा तिथल्या जाळीतून आत जाते. धूळ, केस किंवा वर ठेवलेली पिशवी हवा अडवते, बॅटरी तापते, मग कॉम्प्युटर चार्जिंग आणि मोटरचा वापर दोन्ही आवरतो. जाळी मोकळी ठेवा, फिल्टर असेल तर दर सर्व्हिसिंगला साफ करून घ्या. नारिंगी रंगाच्या केबलना मात्र कधीही हात लावू नका. त्यांत जीव घेण्याइतका विजेचा दाब (व्होल्टेज) असतो, ते काम प्रशिक्षित मेकॅनिकचंच.

गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली आणि रेडी हा दिवा लागत नसेल, तर मोठी बॅटरी गेली असं लगेच धरू नका. बहुतेक वेळा दोष छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीत असतो. तिचा दाब मीटरनं मोजा. गाडी बंद असताना तो १२.६ व्होल्टच्या आसपास असायला हवा आणि १२ च्या खाली असेल तर ती उतरली आहे. आधी ती चार्ज करा किंवा बदला, त्यानंतरच पुढचं निदान करा.