जिनिंगमध्ये कामाला लागण्यापूर्वी: तिथे शिकवले जाते का, हे कसे ओळखावे

आयटीआयमधून फिटरचा ट्रेड करून हिंगणघाट, वणी किंवा आर्वीकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करून रुई काढणाऱ्या कारखान्यात, पहिल्यांदा कामाला लागणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. पगार, मुक्काम आणि पाळी यांची चौकशी सगळेच करतात. मात्र त्या कारखान्यात नव्या माणसाला काम शिकवले जाते का, हे क्वचितच कोणी विचारते. माझ्या मते पुढची दहा वर्षे त्याच उत्तरावर ठरतात.

दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू झाला की कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या राहतात आणि मालकाचे सारे लक्ष दिवसाकाठी 170 किलोच्या किती गाठी बांधल्या गेल्या याकडे लागते. अशा दिवसांत रेचा (सरकीपासून रुई सोडवणारे यंत्र) थांबवून कोणाला काही समजावणे म्हणजे नुकसान, ही समजूत मालकापासून मुकादमापर्यंत पसरते. त्यातच हंगाम संपला की बहुतेक फिटरांचा हिशेब होतो आणि पुढच्या वर्षीचे बोलावणे केवळ हातच्या कसबावर अवलंबून असते. ते कसब नव्या पोराला दिले, तर उद्या कमी पगारात तोच आपल्या जागी उभा राहील, ही भीती अगदी खरी आहे. म्हणून जुना फिटर रेच्यातली सुरी बसवायच्या नेमक्या वेळी तुम्हाला पाना आणायला पिटाळत असेल, तर त्याला कोत्या मनाचा समजू नका; त्या कारखान्याच्या रीतीनेच त्याला तसे वागायला भाग पाडले आहे.

याउलट, जिथे जुन्या फिटरांना पावसाळ्यातही दुरुस्तीच्या कामावर ठेवतात, तिथे तीच माणसे हात राखून शिकवत नाहीत. डबल रोलर जिनमध्ये, म्हणजे दोन रोळांच्या रेच्यात, चामड्याच्या रोळावर सुरी किती दाबाने टेकवायची, हे कागदावर वाचून हाताला कळत नाही. दाब कमी पडला तर सरकीला रुई राहून जाते. जास्त झाला तर रोळ तापतो, चामडे लवकर झिजते आणि आगीचा धोका वाढतो. मला हे शिकवणाऱ्या भाऊंनी आधी खाली पडलेली सरकी बोटांवर घोळवून पाहायला लावली आणि मग म्हणाले, "आता आवाज आयक पोरा, रोळ तापाच्या आंधी बोलते." त्याच पावसाळ्यात त्यांनी एक रेचा माझ्या हवाली केला.

नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे आणि काही कारखाने तिथे माणसे पाठवतात. पण खरी परीक्षा तो माणूस परतल्यावर होते. मी काम केलेल्या एका ठिकाणी परतलेल्याला "ते राहू दे, आधी गाठी काढ" असे ऐकवले गेले आणि प्रमाणपत्र ऑफिसच्या भिंतीवर लागले. दुसऱ्या ठिकाणी त्याला दोन रेचे देऊन, जे शिकलास ते यांवर करून दाखव, असे सांगण्यात आले.

कापूस निवडणाऱ्या बायांकडे पाहिले तरी कारखाना ओळखता येतो. प्लास्टिकचा एखादा धागा रुईतून पुढे गेला, तर तो कापडात रंग धरत नाही आणि सूतगिरणीकडून तक्रार येते. एवढ्या जोखमीचे काम ज्यांच्या हाती आहे, त्यांना हे कारण कोणी सांगितलेलेच नसेल, तर तुम्हालाही तिथे फारसे कोणी काही सांगणार नाही, असे खुशाल समजावे.

शिकाऊ उमेदवार म्हणून जाणार असाल, तर मागच्या वर्षीच्या उमेदवारांना गाठून त्यांना यंत्राला हात लावू दिला होता की वर्षभर झाडलोटच करावी लागली, हे विचारून घ्या. फिटर किती हंगामांपासून टिकून आहेत, याचीही चौकशी करा. दरवर्षी नवे चेहरे दिसत असतील, तर शिकवायला मुळात कोणी उरलेलेच नसते. आणि निवड तुमच्या हाती असेल, तर थोडा कमी पगार घेऊनही जुलै-ऑगस्टमध्ये, रोळ उतरवून ठेवलेले असतानाच कामाला लागा.