दार न उघडणाऱ्यांचा हिशोब

सर्वेक्षणात वय-लिंग-वंशाच्या बेरजा लोकसंख्येशी जुळवून वेट्स (कुणाचं उत्तर किती मोजायचं ते भार) लावले की नॉनरिस्पॉन्सचं, म्हणजे उत्तर न देणाऱ्यांचं, भूत उतरतं, असं मलाही शिकवलं होतं. उतरत नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या सेन्सस ब्युरोने सीपीएसच्या (रोजगार-उत्पन्नाच्या नियमित सर्वेक्षणाच्या) घरोघरच्या मुलाखती थांबवल्या आणि प्रतिसाद घसरून ७३ टक्क्यांच्या आसपास आला. २०१९ चं मध्यक घरगुती उत्पन्न ६८,७०० डॉलर छापलं गेलं. मग ब्युरोच्याच लोकांनी करखात्याच्या नोंदी जोडून पाहिल्या, तर तो आकडा सुमारे २.८ टक्के फुगलेला निघाला. उत्तरं जास्त कमावणाऱ्यांनी जास्त दिली होती, आणि ते वय-लिंगाच्या तक्त्यात दिसत नाही.

आता माझी चूक. उत्तर देणारे आणि न देणारे यांच्या उत्पन्नातला फरक मला करनोंदींवरून मोजायचा होता. सात महिने गेले हो यात! उत्तर देणाऱ्यांची नावं, जन्मतारखा मुलाखतीतूनच मिळालेल्या, म्हणून त्यांच्या करनोंदी मी माणसागणिक जोडल्या. न देणाऱ्यांचा फक्त पत्ता, म्हणून ती घरं पत्त्यावरून. फरक प्रचंड आला. मी खूश. पण नुकता राहायला आलेला भाडेकरू करनोंदींत जुन्याच पत्त्यावर असतो. त्याने उत्तर दिलं, तर मला तो नावावरून सापडायचा. नाही दिलं, तर ते घर नोंदींत रिकामं, आणि मी तिथे शून्य उत्पन्न भरलेलं! म्हणजे माझा फरक बराचसा माणसांतला नव्हताच, जोडणीतला होता. दोन्ही गट पत्त्यावरूनच जोडा. उत्तर देणाऱ्यांची जास्तीची माहिती या पायरीवर वापरायची नाही. हातातलं सोडवत नाही, कळतं मला, तरी सोडा. आणि ‘नोंद सापडली नाही’ हा वेगळा गट ठेवा. ते शून्य नव्हे.

‘सॉफ्टवेअर पॅकेज चालव, वेट्स येतील’ म्हणणाऱ्या गाइडपेक्षा दारोदार फिरलेल्या मुलाखतकाराजवळ तासभर बसा. ओस पडलेलं घर नॉनरिस्पॉन्समध्ये मोजायचंच नसतं, हे मला अशाच एका बाईंनी सांगितलं. (आपल्या एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात, घर बंद असलं की बदली कुटुंब घेतात. रकाना भरतो, पण बंद दारामागचं कोण, ते कळत नाही.)

एंट्रॉपी बॅलन्सिंगच्या (उत्तर देणाऱ्यांच्या सरासऱ्या ठरलेल्या आकड्यांशी जुळतील असे वेट्स काढायच्या पद्धतीच्या) सूत्रांना घाबरू नका, आठवड्याभरात जमतात. करनोंदींच्या परवानगीला मात्र महिने लागतात. तोवर बनावट डेटावर जोडणीचा कोड लिहा, आणि त्यात घर बदललेले भाडेकरू मुद्दाम घाला.