चाळिशीपार पारा आणि जोडलेलं मातीचं भांडं
जुन्या मातीच्या भांड्यांचे तुकडे जोडायला संवर्धक, म्हणजे जुन्या वस्तू जपणारे तज्ज्ञ, पॅरालॉइड बी-७२ हा गोंद वापरतात, आणि ते योग्यच आहे. हे अॅक्रिलिक रेझिन वर्षानुवर्षं सहसा पिवळं पडत नाही, पुढे जोड सोडवायचा झाला तर अॅसिटोन या द्रावकात विरघळतं. पण सोलापूरकरांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: ते साधारण ४० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा तेवढा सहज चढतो, पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहून वर. तिथे जड रांजणाचा जोड स्वतःच्याच वजनाने हळूहळू सरकू शकतो. जोड नवा असेल तर आणखी जपा. लावताना गोंदात असलेलं अॅसिटोन पूर्ण उडेपर्यंत तो कमी तापमानालाही मऊ असतो.

अशी वस्तू तळमजल्यावर, आतल्या भिंतीशी ठेवा आणि जोडावर भार येणार नाही असा आधार द्या. वजनदार भांड्यासाठी ६० अंशांच्या आसपास मऊ होणारं पॅरालॉइड बी-४४ चालेल का, हे संवर्धकाला विचारा. एपॉक्सी मात्र लावू नका. ते पिवळं पडतं, आणि सोडवताना भांडंच फुटण्याची भीती.

जुन्या वह्या-पोथ्यांसाठी गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ बरी. सेलोटेप नकोच.