बागेचा सौदा, इसारपत्र, ठेका: "झाल्यावर देऊ" असं लिहिताना या चुका टाळा

राजेहो, 2024 च्या ऑक्टोबरपासून शंभराच्या जागी पाचशेचा स्टॅम्प आणावा लागते, पण त्याच्यावरचा मजकूर काही सुधारला नाही. वरूड-मोर्शीकडे असो का काटोल-नरखेडला, झाडावरच्या संत्र्याचा व्यापाऱ्याशी सौदा करताना झाडं किती, भाव काय, इसार (आगाऊ रक्कम) किती सगळं नीट लिहितात अन् शेवटी एक ओळ ठोकून देतात, "बाकी रक्कम माल उचलल्यावर देईन". भावावरून भांडणं कमी होतात, या ओळीवरूनच जास्त.

आता माल उचलल्यावर म्हणजे कधी? पहिली गाडी भरली तेव्हा, का शेवटचं झाड खाली झालं तेव्हा? आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या फळाचा) सौदा पोळ्याच्या आसपास झाला अन् दिवाळीत भाव पडला तं व्यापारी काय करते, मोठा मोठा माल तोडून नेते, बारीक माल झाडावरच ठेवते अन् फोन लावला की "भाऊ, तोडा अजून व्हायचाच आहे, पूर्ण झाला की हिशोब करू". कागद पाहिला तं तो खोटंही बोलत नाही ना! तुमचा पैसे मागायचा हक्क ज्या गोष्टीवर टांगला ती घडवायची का नाही हे त्याच्याच हातात. अन् इकडं झाडावर फळ तसंच, म्हणून बाग ताणावर सोडायची (नवी फुलं यावी म्हणून पाणी तोडायची) वेळ निघून जाते, म्हणजे पुढचाही बहार गेला कामातून.

त्यापेक्षा असं लिहा: "पहिली गाडी बागेतून निघायच्या आधी अर्धी रक्कम. उरलेली रक्कम शेवटचा तोडा किंवा 15 डिसेंबर, यातलं जे आधी येईल त्या दिवशी. 15 डिसेंबरपर्यंत तोडा झाला नाही तर राहिलेला माल दुसऱ्याला विकायची मोकळीक मालकाला." तारीख तुमच्या बागेप्रमाणे टाका, पण "जे आधी येईल" हे शब्द सोडू नका, सगळा जीव त्यातच आहे. काही जण वरून "सौदा मोडला तं पाच लाख दंड" असंही टाकतात, जोर म्हणून ठीक आहे, पण करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे कोर्ट वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते, कागदावरचा आकडा ही फक्त वरची मर्यादा.

जमिनीच्या इसारपत्रात (खरेदीच्या आधी आगाऊ रक्कम देऊन केलेल्या करारात) याच चुकीचा भाऊ भेटते, "मोजणी झाल्यावर खरेदी करून देईन". मोजणीचा अर्ज करणार कोण? विकणाऱ्यानं भूमी अभिलेखात अर्जच टाकला नाही तं मोजणी होणार कशी, अन् दोन वर्षांनी रेट वाढला की तोच म्हणते मोजणी कुठं झाली बावा. 1872 चा करार कायदा अशा माणसाला पाठीशी घालत नाही, स्वतःच आडवं पडून काम होऊ दिलं नाही तं कलम 53 प्रमाणे समोरच्याला करार मोडून नुकसानभरपाई मागता येते, पण हे सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवते? एक ओळ वाढवा: अर्ज कोण टाकेल, किती दिवसांत, फी कोणाची, पोच कोणाजवळ राहील. भोगवटादार वर्ग 2 ची (विकायला सरकारची परवानगी लागते अशी) जमीन असली तं परवानगी नाकारली गेल्यावर इसार किती दिवसांत वापस, तेही लिहा.

अन् मुदतीचं ध्यानात ठेवा. खरेदी करून मागायचा दावा कागदावरच्या तारखेपासून 3 वर्षांत टाकावा लागते. तारीखच नसेल तं समोरच्यानं नाही म्हटल्याचं तुम्हाला कळलं तिथून 3 वर्षं. म्हणून "आता जमत नाही भाऊ" असा व्हॉट्सॲप मेसेज आला तं रागात डिलीट करू नका, घड्याळ तिथूनच सुरू होते.

"नैसर्गिक आपत्ती आल्यास करार रद्द" हे तं डोळे झाकून कॉपी केलेलं वाक्य. फळगळ आपत्तीत धरायची का? शेतकरी म्हणते गळ दरसाल होते, व्यापारी म्हणते हीच आपत्ती. गारपीट, वादळ अशी नावं टाका, नुकसान किती टक्क्यांच्या वर गेल्यावर, ते पाहणार कोण, अन् किती दिवसांत कळवायचं. विमावाले यात पक्के असतात पहा. संत्र्याचा फळपीक विमा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर चालते, तुमच्या बांधावर काय झालं त्यावर नाही, अन् गारपिटीचं कव्हर वेगळं घ्यावं लागते. सोयाबीन-कपाशीलाही आधी 72 तासांत तक्रार टाकली की स्थानिक आपत्तीत धरत, 2025 च्या खरिपात राज्यानं ते ट्रिगर (भरपाई लागू करणारं कारण) काढून सगळं पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे काही वावरांत कापून मोजलेल्या उत्पन्नावर ठेवलं. वावर तेच, पाणी तेच, पण कागदात ती घटना राहिलीच नाही तं मागणार काय?

छोटी एक: "चेक दिल्यावर ताबा" लिहू नका, "चेक वटल्यावर" लिहा.

सही होऊन गेली अन् कागद ढिला निघाला तं पहिले पुरवणी करार करून पहा, दोघांच्या सह्या, तारखेसकट, नातं टिकून आहे तोवर लोक तयार होतात. नाही ऐकलं तं पोच मिळेल अशी लेखी नोटीस पोस्टाने धाडा, "अमुक तारखेपर्यंत तोडा पूर्ण करा नाहीतर राहिलेला माल विकू", काहून का वेळ ठरलेली नसली तं कायदा वाजवी वेळ धरते अन् ती निघून गेली हे तुम्हालाच दाखवावं लागते. तोवर काटा पावत्या (मालाच्या वजनाच्या), गाडी भरतानाचे फोटो, मेसेज सगळं एका जागी ठेवा. मधातच त्यानं वीस-पंचवीस हजार आणून दिले तं घ्या, पण पावतीवर "बाकी रक्कम अमुक, मुदत वाढवलेली नाही" असं लिहून त्याची सही घ्या, नाहीतर उद्या तोच म्हणेल तुम्हीच थांबायला तयार झाले होते.